शंखजिरं, लेन्को आणि काकांचे कान

तर मंडळी, गेल्या चार महिन्यांतले माझे जवळजवळ सगळे रविवार एका दगडानं खाल्ले. खरोखरचा दगड. बारा किलोचा, राखाडी, हात लावला की साबणाच्या वडीसारखा बुळबुळीत लागणारा. ऑफिसात कुणी "वीकेंडला काय केलंस?" असं विचारलं की मी "दगड घासला" असं सांगायचो, आणि लोकांना वाटायचं हा काहीतरी टाळतोय. :-)

प्रकरण सुरू झालं काकांच्या फोनवरून.

"अरे, ते रेकॉर्डचं मशीन घेऊन जा तुझ्याकडे. नुसतं घरघरतंय. नको असेल तर भंगारवाल्याला देऊन टाकतो."

काका चिंचवडला राहतात. वय वर्षं चौऱ्याहत्तर. छत्तीस वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते, त्यातली शेवटची बरीच वर्षं लेथच्या शेजारी प्रेस शॉप. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेलो की रविवारी सकाळी एक ठरलेला सोहळा असायचा. काका आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून बसायचे, रेकॉर्ड कपड्यानं पुसायचे, आणि मग कुणीही बोलायचं नाही. काकूनंसुद्धा कुकर लावायचा नाही. किशोरी आमोणकरांचा भूप संपेपर्यंत घर स्टॅच्यू.

ते मशीन म्हणजे लेन्को एल ७५. स्विस बनावटीचं. काकांनी १९८४ साली गल्फहून परतलेल्या मित्राकडून सेकंडहँड घेतलं होतं. त्या घरात त्याचा मान टीव्हीपेक्षा मोठा होता. त्या माणसानं "भंगारवाल्याला देतो" म्हणावं? मी त्याच शनिवारी चिंचवड गाठलं.

आता ज्यांनी टर्नटेबल फक्त कॅफेच्या भिंतीवर टांगलेला पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. लेन्कोमध्ये जवळपास चार किलोची धातूची थाळी असते. खाली आडवी बसवलेली मोटर, तिचा दांडा गाजरासारखा निमुळता. दांडा आणि थाळी यांच्यामध्ये एक उभं रबरी चाक. ते चाक दांड्यावर सरकवलं की वेग बदलतो. इतकी साधी, इतकी सुंदर कल्पना की बघून आपल्याच कोडची लाज वाटते. पण यात एक गोम आहे. मोटरचा प्रत्येक थरथराट त्या चाकातून थाळीत, थाळीतून रेकॉर्डमध्ये आणि रेकॉर्डमधून सुईत जाऊ शकतो. आणि सुई बिचारी प्रामाणिक असते. हलकं हललं की ती सांगते "हललं". ते गाण्यामुळे हललं की मोटरमुळे, हे तिला कळत नाही. रेकॉर्डच्या खाचेतला हळू आवाज म्हणजे एका मायक्रॉनपेक्षाही कमी हालचाल. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

मशीनची अवस्था वाईट होती. या लेन्कोचा आर्म (म्हणजे सुई धरणारा हात) दोन छोट्या रबरी ठोकळ्यांवर तोललेला असतो आणि ते रबर वर्षानुवर्षांनी खडूसारखं भुगा होतं. इथं भुगा झाला होताच, शिवाय आतल्या वायरीही तुटलेल्या. मी माझ्याकडचा एक जुना ब्रिटिश आर्म त्यावर बसवायचं ठरवलं. खालचं खोकं नवीन हवं होतं, ते ओळखीच्या फर्निचरवाल्याकडून प्लायचे चार थर चिकटवून करून घेतलं. आर्म ज्या पाटीवर बसतो ती पाटीही आधी प्लायचीच केली. लावलं, वाजवलं. काका दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "घरघर आहेच."

मग माझ्या डोक्यात दगड आला.

थोडी पार्श्वभूमी देतो. टर्नटेबल घरी बनवणाऱ्या लोकांची एक जागतिक जमात आहे आणि या जमातीला जड वस्तूंचं वेड असतं. कुणी पाटीच्या दगडाचं खोकं करतो, कुणी ग्रॅनाइटचं, कुणी काँक्रीट ओततो. तर्क असा: जड वस्तू सहज हलत नाही. पण जडपणा पुरत नाही. ग्रॅनाइटवर किंवा संगमरवरावर टिचकी मारा, बहुतेक वेळा ते वाजतात. सुईजवळ वाजणारी वस्तू म्हणजे आयतं भूत. म्हणून जड हवं पण 'मुकं' हवं. इथं शंखजिरं पुढं येतं, म्हणजे सोपस्टोन. ज्यापासून टाल्कम पावडर होते ते खनिज, टाल्क, या दगडात भरपूर असतं. कठीणपणाच्या मोहस मापावर टाल्क अगदी तळाला, एक नंबरला. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात आणि थर एकमेकांवर घसरतात. थरथराट आत शिरला की या घसरण्यात त्याची थोडी थोडी उष्णता होते आणि तो विरतो. घनता साधारण पाण्याच्या पावणेतीन पट. आणि मुख्य म्हणजे सुताराच्या करवतीनं कापता येतो! फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

तुम्ही तो पाहिलेला आहे. फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डर पत्र्यावर ज्या चपट्या पांढऱ्या खडूनं रेघ मारतो तो शंखजिऱ्याचाच. ज्वाळेखालीसुद्धा ती रेघ जळत नाही.

योगायोगानं त्याच सुमारास ऑफिसनं मला दोन आठवडे बंगळुरूला पाठवलं. मधल्या शनिवारी हळेबीडला गेलो. बाराव्या शतकातलं होयसळेश्वराचं देऊळ. २०२३ पासून बेलूर आणि सोमनाथपुराबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. सगळे लोक भिंतीवरचे हत्ती बघत होते, मी आतले खांब बघत बसलो. तोही याच कुळातला मऊ दगड. खांबांवर एकाखाली एक गोल कंगोरे, इतके नेमके की हे हातानं छिन्नीनं केलं असेल यावर विश्वास बसत नाही. जाणकार सांगतात की हे खांब लेथसारख्या साधनावर फिरवून कातलेले आहेत. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी! मी फोटो काढून काकांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "टर्निंगच आहे. फिनिश चांगला."

काकांकडून हे म्हणजे भारतरत्न.

बाहेर मूर्तींच्या दुकानात विचारल्यावर कळलं की कन्नडमध्ये याला 'बळपद कल्लु' म्हणतात. बळप म्हणजे पाटीवर लिहायची पेन्सिल. म्हणजे आपण लहानपणी चोरून खाल्ली ती. दुकानदारानं न घडवलेला ठोकळा द्यायला आधी नकार दिला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "मूर्ती घ्या ना, गणपती आहे, बुद्ध आहे. नुसता दगड कशाला?" टर्नटेबल समजावून सांगायचा प्रयत्न केला, सोडून दिला, आणि पैसे दिले. तीस बाय वीस बाय सात सेंटिमीटर. विमानात न्यायची हिंमत झाली नाही म्हणून उद्यान एक्सप्रेसनं आलो, पायापाशी दगड घेऊन. टीसीनं बॅग पायानं सरकवायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे संशयानं बघितलं.

काकांनी दगड बघितल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला झापलं. मी उत्साहात गॅलरीतच करवत लावली होती आणि पांढरी पूड उडत होती.

"बंद कर! पाणी आण आधी. आणि तोंडाला मास्क."

"काका, टाल्कम पावडर तर आहे..."

"पावडर अंगाला लावायची असते, फुप्फुसाला नाही."

त्यांचं बरोबर होतं. नंतर वाचलं तेव्हा घाम फुटला. काही खाणींतल्या सोपस्टोनमध्ये अ‍ॅस्बेस्टसचे तंतू असू शकतात, आणि आपला तुकडा कुठल्या खाणीतला हे रस्त्याकडेच्या दुकानात कोण सांगणार? तर कुणी हे करणार असाल तर नीट ऐका: दगड कायम ओला ठेवायचा, एन ९५ मास्क लावायचा, ग्राइंडर अजिबात नाही, आणि जमलेला चिखल ओला असतानाच गोळा करून टाकायचा. वाळू द्यायचा नाही, झाडायचा नाही. त्या दिवसापासून काका बादली आणि मग घेऊन शेजारी बसायचे आणि करवतीवर पाण्याची धार सोडायचे. मी कापायचो. असे आम्ही दोघं, दर रविवारी, गच्चीवर. शेजारचे लोक बघून जायचे.

एका कापाला एक रविवार लागला. मला वाटलं होतं मऊ दगड म्हणजे लोणी. लोणी नाही, पण पनीर म्हणता येईल, तेही फ्रिजरमधलं. पहिली पाटी झाली. त्यात आर्मसाठी भोक पाडायचं होतं, थाळीच्या मध्यापासून बरोबर २२२ मिलिमीटरवर. इथं अंतर चुकलं तर सुई सगळ्या रेकॉर्डभर तिरकी चालते. काकांनी तीनदा मोजलं. आधी तीन मिलिमीटरचं आरपार बारीक भोक, मग मोठं भोक निम्मं वरून आणि निम्मं खालून. एकाच बाजूनं मारलं तर पलीकडे ड्रिल बाहेर पडताना दगडाची कपची उडते. सगळं जमलं. आनंदात मी नट आवळला, आणि 'टक्' असा आवाज आला. पाटी आरपार तडकली.

सॉफ्टवेअरवाल्याचा हात आपोआप कंट्रोल झेडकडे जातो. इथं कंट्रोल झेड नाही.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी उरलेल्या ठोकळ्यावर पाणी ओतलं आणि म्हणाले, "आता थांब." आम्ही थांबलो. चहा झाला. उन्हात वरचं पाणी वाळलं, पण एका ठिकाणी केसासारखी काळी रेघ ओलीच राहिली. "ही बघ भेग. पृष्ठभाग आधी वाळतो, भेगेतलं पाणी मागाहून. हे पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. माझीच चूक." दुसरी पाटी त्या रेघेला चुकवून कापली. वीस बाय बारा बाय तीन, वजन बरोबर दोन किलो. या वेळी नटाखाली मोठा वॉशर घातला आणि आवळताना काकांनी माझा हात बाजूला सारून पाना स्वतः घेतला.

मध्ये एक मूर्खपणाही करून झाला, तोही सांगून टाकतो. मला वाटलं, दगड एवढा चांगला तर आर्मच्या टोकाला, सुईच्या वर, दगडाचीच चकती का लावू नये? काड्यापेटीएवढी सुद्धा नाही, दहा ग्रॅमची. गणित करायचा कंटाळा केला आणि लावली. एक थोडीशी वाकडी रेकॉर्ड लावल्यावर सुई समुद्रातल्या होडीसारखी वरखाली व्हायला लागली. मग गणित केलं. आर्म आणि कार्ट्रिज मिळून एका स्प्रिंगवर टांगलेलं वजन असतं, आणि त्याची स्वतःची एक डोलण्याची गती असते: १५९ भागिले, वजन गुणिले स्प्रिंगचा मऊपणा याचं वर्गमूळ. माझ्या आर्मचं वजन कार्ट्रिजसकट १८ ग्रॅम, मऊपणा २०. उत्तर साधारण साडेआठ हर्ट्झ, म्हणजे आठ ते बाराच्या बऱ्या पट्ट्यात. दगड लावल्यावर वजन २८, उत्तर पावणेसात. आणि वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे त्याच्या खालच्याच गावात राहतात. चकती काढून टाकली. सध्या ती बायकोच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

असो. तर दगडाची पाटी बसली. तिसरा महिना चालू होता. मी सुई ठेवली आणि... काय सांगू! खोली मोठी झाल्यासारखी वाटली. तबल्याच्या बायाँला आकार आला. मी डोळे मिटून बसलो. डोळे उघडले तर काका माझ्याकडे बघत होते.

"घरघर आहे अजून," ते म्हणाले.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? तीन महिने घासला दगड! मी म्हटलं, "काका, तुम्हाला नीट ऐकू येत नसेल." बोलून गेलो आणि जीभ चावली. ते हसले फक्त. उठून त्यांनी त्यांचा लांब स्क्रू ड्रायव्हर आणला, त्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि टोक एकेक ठिकाणी लावत गेले. खोक्याला, दगडाला, बेअरिंगला, मोटरला. डॉक्टरनं छाती तपासावी तसं.

"दगड गप्प आहे. मोटर रडतेय. उघड."

उघडलं. मोटर चार स्प्रिंगांवर टांगलेली असते. एक स्प्रिंग निसटून मोटर तिरकी झाली होती आणि पत्र्याला टेकत होती. बेअरिंगमधलं तेल वाळून डिंक झालेलं. रबरी चाक एका जागी चपटं. काकांनी तीन तासांत सगळं केलं. बेअरिंग धुऊन तेल घातलं, चाक स्वतःच्या जुन्या ओळखीच्या वर्कशॉपमधून हलकं घासून गोल करून आणलं (हे तीन तासांत नाही, दुसऱ्या दिवशी), स्प्रिंग जागेवर. आणि घरघर गेली. म्हणजे गेलीच.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, जरा उशिराच. मी दर टप्प्यावर रेकॉर्डच्या सुरुवातीची रिकामी खाच लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवली होती. मोटर मिनिटाला चौदाशे-साडेचौदाशे फेरे घेते, म्हणजे सेकंदाला चोवीसच्या आसपास. आलेखात बरोबर तिथं आणि त्याच्या दुपटी-चौपटीला डोंगर दिसत होते. (बरोब्बर ५० ला असेल तर विजेची गुणगुण, ४८ ला असेल तर मोटर. हा फरक डोळ्यांनी दिसतो, याची गंमत वाटली.) प्लायऐवजी दगड लावल्यावर डोंगर दोन डेसिबलनी खाली आला होता. तेल, चाक आणि स्प्रिंग यांनी अकरा डेसिबलनी.

दोन आणि अकरा.

पण म्हटलं, घरघर सोडा, तो 'खोली मोठी झाल्याचा' अनुभव? म्हणून दुरुस्त झालेल्या मशीनवर एकदा प्लायची पाटी आणि एकदा दगडाची लावून तोच तुकडा रेकॉर्ड केला, आवाजाची पातळी सारखी केली, आणि बायकोला बसवलं. ती नाणं उडवायची आणि त्याप्रमाणे एक फाईल लावायची. मी सांगायचं, दगड की प्लाय. दहा वेळा. माझी पाच बरोबर आली. पाच! म्हणजे मी झोपून राहिलो असतो आणि नाण्यानंच उत्तर दिलं असतं तरी तेवढंच. बायकोनं निकाल मोठ्यानं वाचून दाखवला आणि मायेनं विचारलं, "चहा घेणार?"

माझे कान खोटं बोलत नव्हते, पण त्यांच्या मागे बसलेला जो होता, ज्यानं बारा किलो दगड ट्रेननं आणला होता, तो बोलत होता.

आता खरी अडचण. पुढच्या रविवारी चिंचवडला गेलो तर काकूच्या भिशीच्या बायका आलेल्या, आणि काका त्यांना मशीन दाखवत होते. "पुतण्यानं खास हळेबीडहून दगड आणला. त्यानंच घरघर गेली." चेहऱ्यावर असा आनंद की बस. मी गप्प बसलो. मनात आलं, कशाला सांगायचं? कुणाचं काय बिघडतं? पण आयुष्यभर एक शतांश मिलिमीटरचं खोटं न चालवून घेतलेला माणूस समोर. बायका गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि आलेख दाखवला. दोन आणि अकरा. नाण्याची गोष्टही सांगितली.

काका म्हणाले, "माहितेय मला. तेल घातलं त्याच दिवशी गेली ती."

"मग बायकांना दगडाचं कशाला सांगितलंत?"

"तू दगड आणला नसतास तर मी मशीन उघडलं असतं का? भंगारात गेलं असतं ते."

मग थोडा वेळ ते आलेखाकडे बघत राहिले. म्हणाले, "यात गाणं पण दिसतं का?"

मी भूप लावला. तोच, लहानपणीचा. पडद्यावर रंगीत पट्टे सरकायला लागले. खाली गळ्याचा जाड पट्टा, आणि त्यावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या बारीक रेघा, वर वर गेलेल्या. मी समजावून सांगत होतो: हा मूळ सूर, हे त्याचे पट, आणि या वरच्या अखंड रेघा दिसतात ना, तीन हजार, चार हजार, पाच हजार हर्ट्झ, ही तंबोऱ्याची जवारी.

"हे आत्ता वाजतंय?"

"हो."

"आत्ता?"

"हो काका. सलग."

त्यांनी मान पुढे करून स्पीकरकडे कान केला. मग पडद्याकडे बघितलं. मग परत कान. त्यांचं बोट पडद्यावरच्या रेघेवर होतं, टर्नर लोक जॉबच्या कडेवरून फिरवतात तसं.

"मला वाटत होतं तंबोराच गेला मशीनमधून," ते म्हणाले. "चार-पाच वर्षं झाली. म्हटलं मशीन म्हातारं झालं."

पुढं कुणीच काही बोललं नाही. काकूनं कुकर लावला नव्हता, मला तेवढ्यात तेही लक्षात आलं. सवयीनं.

भंगारवाल्याला द्यायचं होतं ते याच्यामुळे. घरघर खरी होती, पण ती निमित्त होती. वरचे सूर ऐकू येईनासे झाले की खालची घरघर तेवढी उरते. आणि मी चार महिने त्या साखळीच्या चुकीच्या टोकाला दगड बांधत होतो. सुईपासून स्पीकरपर्यंत सगळं तपासलं, स्पीकरच्या पलीकडे बसलेल्या माणसाला तपासायचं मनात आलं नाही. उलट "नीट ऐकू येत नसेल" हे टोमण्यासारखं बोलून गेलो तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. आणि गंमत बघा, घरघरीच्या बाबतीत त्यांचेच कान बरोबर होते, माझे नाही.

काकू तीन वर्षं सांगत होती कान तपासून घ्या म्हणून. काका टाळत होते. त्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बुधवारी वेळ आहे का तुला?"

ऑडिओमेट्रीचा कागद हातात आला तेव्हा मला तो वाचायला शिकवावा लागला नाही. तोही आलेखच. खालच्या सुरांना रेघ जवळजवळ सपाट, दोन हजारांनंतर घसरगुंडी, आणि चार हजारांपाशी खड्डा. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, तो खड्डा मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांमध्ये नेहमी दिसतो. बाकीची घसरण वयाची. कानाच्या आत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. काकांनी विचारलं, "म्हणजे स्पेअर पार्ट नाही?" त्या म्हणाल्या, "नाही. पण उरलेल्यांना मदत करता येईल."

श्रवणयंत्र आलं आणि पहिला आठवडा भयंकर गेला. पंखा ओरडतो, पिशव्या ओरडतात, काकू ओरडते (ती पूर्वीपासूनच ओरडत होती, सवय झाली होती तिला :-)). भूप लावला तर तंबोरा ऐकू आला, पण डगमगता, पाण्यातून आल्यासारखा. मला वाटलं झालं, मशीन परत बिघडलं. मशीनचा दोष नव्हता. श्रवणयंत्रं मुख्यतः बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. एकच सूर लांबत राहिला की यंत्राला वाटतं ही आपलीच शिट्टी आहे, आणि ते तो सूर मारायला बघतं. आता तंबोरा म्हणजे लांबत राहणाऱ्या सुराशिवाय दुसरं काय? हे बाईंना सांगितल्यावर त्यांनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून दिला, त्यात ती शिट्टी मारायची व्यवस्था बंद. बटण दाबलं की बदलतो. काका आता त्याला 'रविवारचा गिअर' म्हणतात.

पूर्वीसारखं ऐकू येतं का? नाही. त्यांनीच सांगितलं, जॉबचं माप सांगावं तसं: "सत्तर टक्के. पण आहे."

दगडाची पाटी मी काढली नाही. दोन डेसिबल म्हणजे दोन डेसिबल, फुकट का सोडा? शिवाय त्यावर काकांनी पान्यानं आवळलेला नट आहे.

गेल्या रविवारी गेलो होतो. स्वच्छ बनियन, पुसलेली रेकॉर्ड, घर स्टॅच्यू. रविवारचा गिअर टाकून झाला. सुई खाचेत उतरली. दहा सेकंदांत काकांच्या कपाळाला आठी. हात वर करून त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"हे तडतडतंय काय मधूनमधून? बारीक, तव्यावर मोहरी उडाल्यासारखं?"

मी कान देऊन ऐकलं. रेकॉर्डवरचे ओरखडे. चाळीस वर्षांचे. ते पहिल्यापासून तिथंच होते.

"पूर्वी नव्हतं हे," काका म्हणाले आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "तुझा तो दगड बघ जरा."